कंसातली हुर्यो

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू सुखरूप पोचल्याचं कळलं. छत्री आमच्याकडेच राहिली आहे.

जनसुनावणीच्या इतिवृत्ताचा मसुदा सोबत पाठवतो आहे. प्रत्येक वक्त्याला प्रत जाते, त्यामुळे बहिणीवर खास मेहेरबानी केली असं समजू नकोस. पान अकरा ते चौदा तुझं. प्रसूतिगृहात तू तीस वर्षं मेट्रन होतीस तिथपासून ते बाळंतिणींच्या खोलीतलं छत नेमकं कुठे गळतं तिथपर्यंत एक शब्द सोडलेला नाही. तुझा वेग मिनिटाला एकशे चाळीस शब्दांचा आहे. हे कौतुक नव्हे, तक्रार आहे. मी अजून मनगट शेकतो आहे.

त्या दिवशी शेवटी जे झालं ते मनाला लावून घेऊ नकोस. व्यापारी संघाची माणसं दोन टेम्पो भरून आली होती, आणि टेम्पोतून आणलेला माणूस घरून ठरवूनच येतो. कागदावर मात्र तू शोभून दिसतेस. शेवट मी जरा नीटनेटका केला आहे. चौदावं पान बघ आणि खूश हो. नगरपालिकेच्या २८ तारखेच्या सभेत हे इतिवृत्त कायम झालं की वरच्या कचेरीत जाईल. प्रसूतिगृह पाडून वाहनतळ करायचा की नाही, हे तिथले साहेब तेच वाचून ठरवतील. ते काही सुनावणीला नव्हते. त्यांच्यापुढे फक्त माझा कागद असेल, आणि तो तुझ्या बाजूचा आहे.

घरची मंडळी मजेत. लोभ आहेच, मसुदा वाचून त्यात थोडी भर पडावी.

तुझा
धाकटा


१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आशीर्वाद नेहमीचे आहेत, पुढचं पत्र नेहमीचं नाही.

फोन केला असता, पण मी आवाज चढवला की तुला अचानक ऐकू येईनासं होतं. पत्र असं हॅलो हॅलो करून ठेवून देता येत नाही.

चौदावं पान वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तू लिहिलं आहेस: ‘तर मग पाडा ते प्रसूतिगृह. उद्याच पाडा. गाड्यांना सावली हवी आहे. बायका काय, कुठेही बाळंत होतील. (टाळ्या.)’ आणि भाषण समाप्त.

अरे शहाण्या, टाळ्या? कोणी वाजवल्या? अर्धं सभागृह उभं राहून माझी हुर्यो उडवत होतं. शिट्या होत्या, बाकांवर थापा होत्या, तोंडाभोवती हाताचा कर्णा करून काढलेला तो लांबच लांब आवाज होता. त्यात माझी पुढची चार वाक्यं मलाच ऐकू आली नाहीत, तुला कुठून येणार? भाषण तिथे तुटलं हे कबूल. पण ते कशाने तुटलं, हे लिहायचा पगार तू घेतोस.

मी टोमणा मारला होता. टोमणा ऐकणाऱ्याला आवाजावरून कळतो. वाचणाऱ्याला आवाज नसतो, त्याला तुझा कंस असतो. त्या कंसात हुर्यो असती, तर वरच्या साहेबाला कळलं असतं की बाई चिडून बोलली आणि ज्यांना झोंबलं ते पेटले. तू टाळ्या लिहिल्यास आणि माझ्या टोमण्याची शिफारस झाली! आता कागद सांगतो की मेट्रनबाईंनी प्रसूतिगृह पाडायला सांगितलं आणि गावाने ते उचलून धरलं.

मी राईचा पर्वत करते आहे असं वाटत असेल तर ऐक. आपल्या आयाबाईंनी काल व्यापारी संघाचं पत्रक पाठवलं. वर ठळक अक्षरांत माझं वाक्य, खाली ‘टाळ्यांच्या कडकडाटात नागरिकांची संमती’, आणि त्याच्याखाली आधार म्हणून तुझा मसुदा, पान चौदा. कडकडाट त्यांनी घातला, टाळ्या तू दिल्यास. आयाबाईंनी पत्रकाच्या मागे पेन्सिलीने विचारलं आहे की बाई, तुम्ही फिरलात का? तीस वर्षं जिच्याबरोबर बाळं धरली, तिला माझ्याबद्दल हे विचारावंसं वाटलं.

हुर्यो हा शब्द लिहायला तुला लाज वाटली असेल, तर त्याचा अर्थ माझ्याकडून समजून घे. टर उडवायला थोडं डोकं लागतं. खिल्ली उडवायला दोघं पुरतात. हुर्यो उडवायला फक्त छाती लागते, आणि सोबत. एकटा माणूस हुर्यो उडवू शकत नाही, उडवायला गेला तर लोक त्यालाच दवाखान्यात नेतील. तिच्यात शब्द नसतात, म्हणून ती खोडून काढता येत नाही. आणि ती नेहमी कोणावर तरी असते. गोंधळ हवेत असतो, आरडाओरडा कुठेही असतो, हुर्यो मात्र पत्ता घेऊन निघते. त्या दिवशीचा पत्ता माझा होता. तू ती परस्पर परत पाठवलीस.

ज्या सभेच्या कागदावर टाळ्यांशिवाय काही उरत नाही, त्या सभेत माणसं होती असं मी मानत नाही. माझी हुर्यो मला परत दे. २८ तारखेच्या आत.

लोभ तूर्त रोखून धरला आहे. चौदावं पान दुरुस्त झालं की सोडीन.

तुझी
थोरली


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार या वेळी खरोखरच साष्टांग, कारण तुझं पत्र वाचून मी आडवा झालो.

पत्रकाचं मला ठाऊक नव्हतं. कचेरीत विचारल्यावर आमच्या शिपायाने खिशातून काढून दाखवलं. त्यात त्याने शेंगदाणे बांधले होते.

आता माझी बाजू. इतिवृत्तात कंसात काय लिहायचं याचं परिपत्रक आहे. टाळ्या, हशा, शांतता, व्यत्यय, सभात्याग. बस्स, पाच शब्द. बावीस वर्षं मी या पाचांवर सगळी सभागृहं भागवली. एकदा एका सदस्याने दुसऱ्यावर पाण्याचा पेला रिकामा केला, तोही मी ‘व्यत्यय’मध्ये बसवला. तेव्हा हुर्यो लिहायची सोयच नाही.

तू लगेच विचारशील की मग व्यत्यय का नाही लिहिलास. खरं सांगतो. लघुलेखनाच्या वहीत मी त्या आवाजासाठी एक वेडीवाकडी रेघ ओढली आहे. मसुदा करताना त्या रेघेपाशी अर्धा तास बसून होतो. माझी बहीण उभी आहे, समोरचे ओरडताहेत, आणि मी खाली मान घालून लिहितो आहे, हे पुन्हा डोळ्यांपुढे यायला लागलं. हाताने आपोआप टाळ्या लिहिल्या. मला वाटलं, निदान कागदावर तरी तुझा मान राहील. वाक्य उलटं वाचलं जाईल हे डोक्यात आलं नाही. मी ते ऐकलं होतं ना, मला ते वाचताना अजूनही तुझ्याच आवाजात ऐकू येतं.

सचिवसाहेबांना आडून विचारलं. समजा, केवळ समजा, एखाद्या कंसात चुकीचा शब्द पडला तर? ते म्हणाले की कंस लघुलेखकाच्या सहीने जातो, तेव्हा त्यानेच सभेत उभं राहून चूक कबूल करायची, आणि मग नोटीस त्यालाच. वर म्हणाले की हुर्यो वगैरे शब्द सभ्य कागदात शोभत नाही, फार तर ‘संमिश्र प्रतिक्रिया’ लिहा. आडून विचारलेलं त्यांना समोरून कळलं असावं.

माझी निवृत्ती सात महिन्यांवर आली आहे. बावीस वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नाही. तू वर्तमानपत्राला खुलासा पाठव, मी सुंदर मसुदा करून देतो. नाहीतर संमिश्र प्रतिक्रियेवर तडजोड करू या. सहीच्या वेळी गुपचूप बदलता येईल.

छत्री सुखरूप आहे, भाऊ नाही. लोभ सोडावा ही विनंती.

तुझा
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

संमिश्र प्रतिक्रिया! रुग्णाच्या तक्त्यावर ‘संमिश्र ताप’ लिहिणाऱ्या परिचारिकेला मी त्याच पाळीत घरी पाठवलं असतं. एकशे तीन असेल तर एकशे तीन लिहायचं. डॉक्टर वाकडं तोंड करतील, नातेवाईक रडतील, त्यांना सांभाळायला माणसं असतात. तक्त्याला सांभाळायला दुसरं कोणी नसतं, ज्याच्या हातात पेन असतं तोच. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी हेच सांगायची, आणि घरातल्या घरात तुला सांगायचं राहून गेलं. बाहेर भाषणं ठोकत फिरणाऱ्यांचं असंच होतं.

व्यत्ययाचंही ऐक. पेला रिकामा केला तो व्यत्यय, दिवे गेले तो व्यत्यय, आणि माझी हुर्यो उडवली तोही व्यत्ययच? मग त्या दिवशी मी बोलले की वीज गेली, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? परिपत्रकात शब्द नाही म्हणून सभागृहात गोष्ट घडलीच नाही, असं कचेऱ्यांना वाटतं. तू कचेरी नाहीस.

आणि गुपचूप बदलायचं म्हणतोस. एक खोटं गुपचूप घातलं, दुसरं गुपचूप घालायचं. बाळा, गुपचूप हा तुझा स्वभाव नाही, तुला ते जमतही नाही. लहानपणी साखर खाल्लीस की मिशी पुसायची विसरायचास.

तुझी काळजी मला कळत नाही असं समजू नकोस. मी मोठ्या तोंडाने माझी हुर्यो, माझी हुर्यो म्हणते आहे. त्या दिवशी परतीच्या गाडीत बसले. तिकीट काढताना कुठे जायचं ते क्षणभर आठवेना. शेजारच्या बाईने खिडकी देऊ केली, मी आजारी दिसत होते म्हणून. तिला सांगितलं नाही, तुलाही सांगितलं नव्हतं. एवढं अंगावर घेतलं ते प्रसूतिगृहासाठी घेतलं. आता तेच त्याच्या विरुद्ध वापरलं जातं आहे, हे मला त्या ओरडण्यापेक्षा जास्त लागतं आहे.

अध्यक्षांना मी स्वतः लिहू शकते. वहीतली रेघ तपासा म्हटलं तर त्यांना वही मागवावीच लागेल. पण मी लिहिणार नाही. बहिणीने तक्रार केली आणि भाऊ पकडला गेला, असं तुझ्या शेवटच्या वर्षात मी होऊ देणार नाही. उभं राहायचं तर तू राहा. नाही राहिलास तर मी ओरडणार नाही. तेही तुला माझ्या ओरडण्यापेक्षा कठीण जाईल, हे मला माहीत आहे.

थोडा लोभ सोडला आहे, उरलेला तुझ्या हाती.

तुझी
थोरली


२४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि. मी पत्र लिहिते आहे हे यांना माहीत नाही. माहीत असतं तर त्यांनी मसुदा करून दिला असता.

तुमचं पत्र आल्यापासून घरात नीट बोलणं नाही. शनिवारी मात्र जेवता जेवता ह्यांनी जाहीर केलं की आपण सभेत उभे राहणार, आणि तिथे आपली हुर्यो उडेल, तेव्हा सवय करायला हवी. आम्ही मायलेकींनी त्यांची हुर्यो उडवायची, आणि त्यांनी ओट्यापाशी उभं राहून निवेदन वाचायचं. मी म्हटलं, तीस वर्षांच्या संसारात हे काम मी फुकट करत आले, तेव्हा कोणी दखल घेतली नाही.

पण खरं सांगते वन्सं, ते जमेना. मी ओरडायला गेले की हसू यायचं. मुलगी इतकं मऊ ओरडली की हे म्हणाले, ही हुर्यो नसून अंगाई आहे. मग त्यांनी स्वतःच करून दाखवली. हातांचा कर्णा करून अशी काही लांबवली की वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक सुरी घेऊन धावत आले. कांदा चिरत होते बिचारे. सगळं समजल्यावर त्यांनी सुरी ठेवली आणि जरा बाजूला व्हा म्हणून आम्हाला धडा दिला. चाळीस वर्षं वर्गावर शिकवलेला माणूस, त्यांनी म्हणे ती सगळ्या प्रकारांत ऐकली आहे. त्यांच्या तोंडची हुर्यो ऐकून ह्यांच्या हातातला कागद खाली पडला. वाचन मात्र त्यांनी पुरं केलं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. सुनावणीच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते. तुमच्यावर ओरडणं सुरू झालं तेव्हा मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काहीही शोधत नव्हते. ह्यांनी टाळ्या लिहिल्या म्हणून तुम्ही रागावलात, पण त्या वेळी निदान मी तरी वाजवायला हव्या होत्या.

ह्यांची भूक कमी झाली आहे, तेवढं सोडून सर्व ठीक. राग माझ्यावरही थोडा धरावा, लोभ मात्र पुरा असावा.

आपली
भावजय


७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

२८ तारखेला सभा झाली, पण निकाल हाती आल्यावरच लिहितो आहे. क्रमाने सांगतो, सवय आहे.

‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिलाच विषय. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं की कोणाची काही दुरुस्ती? या प्रश्नाला बावीस वर्षांत कोणी उत्तर दिलेलं नाही, म्हणून ते विचारता विचारताच पान उलटत होते. मी कोपऱ्यातल्या माझ्या टेबलामागून उठलो. खुर्चीचा आवाज झाला तेव्हा सचिवसाहेबांनी बस म्हणून हाताने खूण केली. मी लिहिलेलं वाचून दाखवलं. पान चौदावर टाळ्या हा शब्द मी घातला आहे, टाळ्या पडल्या नव्हत्या, वक्त्या माझ्या भगिनी आहेत, आणि त्यांचा अपमान लिहायला माझा हात धजला नाही. प्रत्यक्षात त्यांची हुर्यो उडवण्यात आली, आणि वाक्य टोमण्याने उच्चारलेलं होतं. वहीतली रेघ पुराव्याला हजर आहे.

व्यापारी संघ गॅलरीत बसला होता. ‘टोमण्याने’ या शब्दाला त्यांना कळलं की पत्रक फुकट गेलं. मग सुरू झालं.

ताई, मी हजारो सभा ऐकल्या. कोपऱ्यातून हुर्यो एकच आवाज वाटते, मोठी लाट असावी तशी. माझ्या वहीतली रेघही एकच आहे. पण ती आपल्यावर येते तेव्हा एकच राहत नाही. मला एकेक गळा ओळखू येत होता. आमचा न्हावी ओळखू आला. औषधांच्या दुकानातला, जो मला दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या देतो, तोही. माझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसलेला एक जण होता, त्याचा आवाज पन्नाशी उलटली तरी तसाच चिरका आहे. तुलाही त्या दिवशी असेच ओळखू आले असणार. तुझ्या हातांवर जन्मलेली मुलंही त्यांत असतील. हे तू मला लिहिलं नाहीस. तिकिटाचं तेवढं लिहिलंस.

मी उभा राहिलो. प्राध्यापकांची शिकवणी कामी आली, कागद पडला नाही.

मग गंमत झाली. सभेत दुसरा लघुलेखक नसतो. तेव्हा मी खाली बसलो, पेन उचललं, आणि सभागृह माझ्यावर ओरडत असताना ते लिहायला लागलो. गॅलरीतल्या एकाच्या ते लक्षात आलं आणि त्याने शेजाऱ्याला ढोसलं की हा बघ, लिहितोय. तिथून ओरडणं विरत गेलं. आपण लिहिले जातो आहोत म्हटल्यावर माणसाचा गळा बसतो, हे मला नवीन कळलं.

सचिवसाहेब म्हणाले की व्यत्यय लिहा. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते दमलेले होते, आणि पहिल्याच विषयाला पाऊण तास गेला होता. म्हणाले, जे झालं ते लिहा आणि पुढे चला. आम्ही बावीस वर्षं नियम शोधत होतो तो हा. मी लिहिलं: ‘लघुलेखकाने दुरुस्ती मांडली. (हुर्यो.) दुरुस्ती मंजूर.’ या दफ्तरात हा शब्द माझ्याच नावापुढे पहिल्यांदा आला. तुझा दुसरा, पान चौदा, लाल शाईने. मानाने आधी तुझा हवा होता, पण तू रांग मोडू देशील असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीला गेलो. न्हाव्याने फेस लावला, वस्तरा गळ्यापाशी आणला आणि थांबला. हळूच म्हणाला की नावं तर लिहिली नाहीत ना? मी नाही म्हटल्यावर म्हणाला की तसं तो दोनदाच ओरडला होता. पैसे द्यायला गेलो तर घेईना, मी जबरदस्तीने दिले.

आता निकाल. वरच्या कचेरीने दुरुस्त इतिवृत्त वाचून सुनावणी पुन्हा घ्यायला सांगितलं आहे. नवी सुनावणी २० मार्चला होईल, तिथले साहेब स्वतः येऊन ऐकणार. प्रसूतिगृह वाचलं असं नाही, पण कागदावर पडता पडता थांबलं आहे. तुला पुन्हा बोलावं लागेल. टेम्पो या वेळी दोनावर थांबतील असं मला वाटत नाही. आयाबाईंनी निरोप दिला आहे की प्रसूतिगृहात कामाची पाळी नसलेल्या सगळ्या जणी येतील.

मला नोटीस मिळाली. सेवापुस्तकात ठपका, आणि इतिवृत्ताचं काम काढून घेतलं. निवृत्तीपर्यंत मी आवक-जावक विभागात टपालावर शिक्के मारणार. बायको म्हणते की मनगटाला तेवढीच विश्रांती. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तू पुन्हा चौदावं पान काढशील, म्हणून लिहितो की वाटलं. कोपऱ्यातलं ते टेबल पुसून किल्ली दिली तेव्हा फार वाटलं.

पण २० तारखेला माझ्या जागी दुसरा बसेल. मी सुट्टी टाकली आहे. पहिल्या रांगेत बसणार, शेजारी बायको आणि मुलगी, पर्स घरी ठेवून. बावीस वर्षांत मी असंख्य वेळा टाळ्या लिहिल्या, पण वाजवल्या एकदाही नाहीत. दोन्ही हात कामात असायचे. तुझं भाषण आवडलं तर या वेळी वाजवीन. नाही आवडलं तर घरी आल्यावर तोंडावर सांगेन.

लोभ राहिलेला असेल तर सगळा घेऊन ये. दोन दिवस आधी ये, म्हणजे ओट्यापाशी उभं राहून तुझीही तालीम होईल. प्राध्यापक तयार आहेत.

तुझा
धाकटा